साळुंखेंची नळी आणि पुण्यातली टोपी

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका खुनाच्या बातमीखाली सहा जणांनी एकापाठोपाठ एक लिहिलं, ‘नार्को करा, सगळं बाहेर येईल.’ सगळे शिकलेले, दोघे तर इंजिनियर. मी हसलो, पण मीही त्यातलाच. १९९८ साली सीआयडी सुरू झाली तेव्हापासून ताट घेऊन टीव्हीसमोर बसणारा. डॉ. साळुंखे काचेच्या नळीत दोन थेंब टाकायचे, रंग बदलायचा, की विष सापडलं! एवढ्या लवकर रिपोर्ट येत नाही हे आम्हालाही कळायचं. चालायचंच, मालिका आहे.

आणि त्या रंगाला खरा इतिहास आहे. १८३० च्या दशकात इंग्लंडात आजोबांना कॉफीतून सोमल, म्हणजे आर्सेनिक, दिल्याचा खटला चालला. जेम्स मार्श या रसायनतज्ज्ञाने विष शोधलं, पिवळा साका मिळवला, पण ज्युरीला दाखवेपर्यंत तो खराब झाला. आरोपी सुटला. मार्श इतका चिडला की त्याने नवी चाचणी काढली आणि १८३६ मध्ये छापली. मुद्दा असा, की चूक कुठे झाली हे त्याला नेमकं दाखवता येत होतं.

नार्कोचं मूळ मात्र बाळंतिणीच्या खोलीत आहे. १९१६ मध्ये टेक्सासच्या डॉ. रॉबर्ट हाऊसने बाळंतिणीला स्कोपोलामाइन दिलं होतं. बाळाचं वजन करायला तराजू हवा होता, नवऱ्याला सापडेना. गुंगीतल्या बाईनेच तो कुठे टांगलाय ते बरोबर सांगितलं. झालं! डॉक्टरांना वाटलं, हे औषध घेतल्यावर माणूस खोटं बोलूच शकत नाही. १९२२ मध्ये त्यांनी ते डॅलसच्या कैद्यांवर वापरून पाहिलं. पण गुंगीतला माणूस खरं बोलतो तसं मनचंही बोलतो, आणि विचारणाऱ्याने सुचवलेलंही बोलतो. वरून दोन्ही सारखंच दिसतं.

मालिकांनी ही दुसरी गोष्ट खरी करून टाकली. यंत्र लावा, सत्य बाहेर. आणि हा विश्वास दिवाणखान्यापुरता राहिला नाही.

जून २००८. पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका तरुणीला जन्मठेप दिली. आरोप होता, पूर्वी जिच्याशी लग्न ठरलं होतं त्या तरुणाला सोमल देऊन मारल्याचा. इतर पुरावे होते, पण निकालात एका मेंदूचाचणीलाही वजन मिळालं. डोक्यावर बत्तीस इलेक्ट्रोडची टोपी. तिने बोलायचं नाही, फक्त ऐकायचं. समोरून वाक्यं वाचली जातात, ‘मी सोमल विकत घेतलं’ अशी, तिच्याच तोंडची वाटावीत अशी. आणि सॉफ्टवेअर सांगतं, ही आठवण अनुभवाची आहे, नुसती ऐकीव नाही. आता बघा, पोलिसांनी हेच प्रश्न विचारलेल्या माणसाच्या डोक्यात ती वाक्यं काय परकी असतील? चाचणीला तिची संमती होती असं सांगतात. कोठडीतली संमती.

त्याच वर्षी निमहान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने या मेंदूचाचण्या अशास्त्रीय ठरवल्या. तरुणीला पुढे उच्च न्यायालयातून जामीन मिळाला.

५ मे २०१० ला सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात सांगितलं, की नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूचाचणी कुणावरही जबरदस्तीने करता येणार नाही. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला कुणाला भाग पाडता येत नाही, घटनेचं कलम २०(३). संमती असली तरी चाचणीतलं बोलणं हा पुरावा नाही. त्यातून पुढे एखादी वस्तू सापडली, तर तेवढीच धरता येईल.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. एका काकांचं उत्तर आलं, ‘निर्दोष असेल तर घाबरायचं कशाला?’ खाली अकरा अंगठे.