चष्म्याच्या नंबराची कुळकथा

मुलाचा नंबर वाढला की घरात चिंता पसरते, जणू ताप चढलाय. पण नंबर म्हणजे आजाराची पातळी नव्हे. भिंग प्रकाशाला किती जोरात वळवतं, त्याचं ते माप आहे आणि त्याच्या एककाला डायॉप्टर म्हणतात. भिंगाचं नाभीय अंतर मीटरमध्ये घ्यायचं आणि १ ला त्याने भागायचं, की झाला नंबर. अर्ध्या मीटरवर किरण एकत्र आणणारं भिंग २ डायॉप्टरचं. किरण फाकवणाऱ्या अंतर्गोल भिंगाच्या नंबराआधी उणे चिन्ह लागतं. ज्याचा नंबर उणे २, त्याला चष्म्याशिवाय साधारण अर्ध्या मीटरपर्यंतचं स्पष्ट दिसतं, त्यापलीकडचं धूसर.

हे माप येण्याआधी भिंगांना नंबर होतेच, पण इंचांचे. नाभीय अंतर १० इंच, तर भिंग १० नंबरचं. त्यामुळे नंबर जितका मोठा, तितकं भिंग सौम्य! शिवाय इंच तरी कुठे एक होता? पॅरिसचा इंच सुमारे २७.०७ मिलिमीटर, इंग्लंडचा २५.४. म्हणजे पॅरिसचं १० नंबरचं भिंग आजच्या हिशेबाने ३.६९ आणि लंडनचं ३.९४. फरक जवळजवळ पाव नंबराचा, आणि आज चष्म्याचे नंबर पाव-पावनेच बदलतात. बेरीज तर आणखी किचकट. १० आणि १५ नंबरची भिंगं एकमेकांना चिकटवून ठेवली तर मिळून नंबर ६. एक दशांश अधिक एक पंधरांश म्हणजे एक षष्ठांश, हा अपूर्णांक प्रत्येक रुग्णापुढे बसून सोडवायचा.

फर्डिनांड मोनोये या फ्रेंच नेत्रवैद्याने १८७२ साली यातून वाट काढली. मीटर घ्या, अंतराऐवजी त्याचा व्यस्त मोजा आणि त्याला डायॉप्टर म्हणा, असं त्याने सुचवलं. नावाचं मूळ ग्रीक: डायॉप्ट्रा हे नेम धरून पाहण्याचं मोजणीचं उपकरण. केप्लरने भिंगांवरच्या १६११ च्या ग्रंथाला ‘डायॉप्ट्रिस’ हे नाव दिलं होतंच. मोनोयेचं मला फार मोठं वाटतं ते हे, की त्याने गणित डॉक्टरच्या डोक्यातून काढून भिंगाच्या अंगावर लिहिलं. आज नंबर काढताना ट्रायल फ्रेममध्ये २ ची काच असते, तिच्यापुढे अर्ध्याची सरकवतात, “आता बरं दिसतंय की आधी?” विचारतात, आणि नंबर अडीच होतो. बेरीज तिसरीतल्या मुलालाही जमेल.

याच मापाने डोळाही मोजता येतो. निरोगी डोळ्याची एकूण शक्ती साधारण ६० डायॉप्टर. त्यातली दोन-तृतीयांश एकट्या पारपटलाची, कारण प्रकाश हवेतून आत शिरताना तिथेच सर्वांत जास्त वळतो. विहिरीत बुडी मारून डोळे उघडले की सगळं धूसर दिसतं, ते यामुळेच: पाणी आणि पारपटल यांची प्रकाश वळवण्याची क्षमता जवळपास सारखी, मग तिथे वळणार काय?

तुमच्याकडे साधी, एकाच नंबराची चाळिशी असेल तर पडताळून पाहा. खिडकीसमोरच्या भिंतीजवळ काच धरा आणि बाहेरच्या दूरच्या झाडाची उलटी प्रतिमा भिंतीवर स्पष्ट उमटेपर्यंत ती मागेपुढे करा. काच आणि भिंत यांच्यातलं अंतर ५० सेंटिमीटर भरलं, तर तुमचा नंबर अधिक २.