मंगळवारी रात्री साडेदहाला

डोंबिवली पूर्वेला घरच्या पुढच्या खोलीत मी डीटीपी सुरू केलं, तेव्हा संगणकात नवं काही शिरायचं ते माणसाच्या हातून. हार्डवेअरवाला लॅमिंग्टन रोडवरून सीडी आणायचा, चहा घ्यायचा आणि विचारायचा, "ताई, टाकू का?" लग्नपत्रिका छपाईला जायची असली की मी नको म्हणायचे. सीडी परत पिशवीत.

विंडोज 98 मध्ये अपडेटची सोय आली होती खरी. पण डायल-अपवर फोनचं मीटर पळत असताना कोण ती उतरवत बसणार! मग ऑगस्ट 2003 मध्ये ब्लास्टर वर्म जगभर पसरला. तो ज्या भोकातून शिरला, ते बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने जुलैतच काढला होता. लोकांनी टाकलाच नव्हता. ऑक्टोबरपासून कंपनीने अपडेटसाठी महिन्यातला दुसरा मंगळवार नेमला आणि पुढच्या वर्षीच्या विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक 2 ने अपडेट आपोआप होऊ द्या असा आग्रह धरला. इथपर्यंत कंपनीचं मला पटतं.

आमच्या धंद्याची अडचण निराळी. पेजमेकर 2001 च्या 7.0 वर थांबलेला, मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर प्रिंटरच्या पोर्टला खोचलेल्या लॉकवर चालणारं. खालची सिस्टिम हलली की वरचं सगळं डळमळणार. त्यात कित्येकांचं विंडोजच चोरीचं! 2008 मध्ये अशा एक्सपीचा पडदा तासातासाला काळा होऊ लागला, तेव्हा अपडेट बंद करून देणं हेच हार्डवेअरवाल्याचं पहिलं काम झालं. शिवाय भारनियमन. यूपीएस टिकणार दहा-पंधरा मिनिटं, आणि पडद्यावर ताकीद: संगणक बंद करू नका. बंद करणारे आम्ही थोडेच होतो! 8 एप्रिल 2014 ला एक्सपीचा सपोर्ट संपला, तरी माझ्या ओळखीच्या डीटीपीवाल्यांनी एकेक एक्सपी, नेटची वायर काढून, जपून ठेवलं.

खरी दांडगाई विंडोज 10 पासूनची. जुलै 2015 पासून वर्षभर ते फुकट होतं. मे 2016 मध्ये तर ते घ्या म्हणून पडद्यावर येणाऱ्या चौकटीतली लाल फुली दाबली तरी होकार धरला जाऊ लागला. फुलीला होकार मानणारं दुसरं ठिकाण मला माहीत नाही. कॅलिफोर्नियातल्या एका ट्रॅव्हल एजंट बाईंनी, न मागता झालेल्या या बदलाने धंद्याचं नुकसान झालं म्हणून दावा लावला आणि 10,000 डॉलर मिळवले. आमच्या फडके रोडवर कोर्टाची पायरी कोण चढतो? आधी फाइल उघडते का ते बघायचं.

पुढे कामाचे तास ठरवून द्यायची सोय झाली. सुरुवातीला जास्तीत जास्त बारा. दिवाळी अंकाच्या महिन्यात बारा तासांत उठणारा डीटीपीवाला मी पाहिलेला नाही.

तो दुसरा मंगळवार मात्र अजून पाळला जातो. तिकडे कंपनीच्या गावी सकाळी दहाला अपडेट सुटतं, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, थंडीत साडेअकरा. म्हणून नेहमीच्या गिऱ्हाइकांना मी सांगून ठेवलंय, त्या बुधवारी प्रूफ दुपारनंतर मागा.