थांबा, पान येतंय

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं. टेलिफोनच्या तारेवरून मिळणारा सुरुवातीचा वेग होता सेकंदाला ९,६०० बिट. १०० किलोबाइटचा एक फोटो म्हणजे साधारण ८ लाख बिट. भागाकार केला तर उत्तर येतं ८३ सेकंद, आणि हे सगळं सुरळीत चाललं तर. फोटो वरून खाली उलगडत यायचा: आधी आकाश, मग झाडाचा शेंडा, मग केस, मग कपाळ. तेवढ्यात दुसऱ्या खोलीत कुणी फोन उचलला की नटी कपाळापर्यंतच राहायची.

याच सुमाराला जगभरच्या लोकांनी 'वर्ल्ड वाइड वेब'चं बारसं पुन्हा केलं आणि त्याला 'वर्ल्ड वाइड वेट' म्हणायला सुरुवात केली. हा विनोद कुणा एका लेखकाचा नव्हता. मोडेमच्या चिरक्या आवाजासमोर ज्यांनी ज्यांनी ताटकळत दिवस काढले त्या सगळ्यांचा होता. आज पान उघडायला वेळ लागला तर विनोद आपल्याला करावा लागत नाही. तो आयता पडद्यावर येतो: 'उंदरांना चाकात पळायला लावतोय', 'शून्य आणि एक निवडून वेगळे करतोय'. म्हणजे वीस-पंचवीस वर्षांत विनोदाची मालकी बदलली. आधी थांबणारा माणूस हसायचा, आता थांबवणारी कंपनी हसवते. हा बदल कसा झाला त्याची ही गोष्ट.

ती इंटरनेटच्या आधीपासून सुरू होते. १९८०च्या दशकात घरगुती संगणकांवरचे गेम गाण्यांच्या असतात तशा कॅसेटवर यायचे. कॅसेट लावायची, बटण दाबायचं आणि काही मिनिटं गप्प बसायचं. ब्रिटनमधल्या मास्टरट्रॉनिक या स्वस्त गेम विकणाऱ्या कंपनीने कमोडोर ६४ या संगणकासाठी यावर एक भन्नाट तोड काढली. मोठा गेम चढेपर्यंत खेळायला एक छोटा गेम, परग्रहवासीयांना गोळ्या घालायचा. त्याचं नाव 'इन्व्हेड-अ-लोड'. पंगत बसायला वेळ आहे म्हणून पोरांच्या हातावर शेंगदाणे ठेवावेत, तसला हा प्रकार. कधी कधी शेंगदाणेच जास्त आवडायचे.

पुढे जपानच्या नाम्को कंपनीने १९९४ साली 'रिज रेसर' हा मोटारींच्या शर्यतीचा गेम प्लेस्टेशनवर आणला. तो सुरू होईपर्यंत नाम्कोचाच जुना 'गॅलॅक्सियन' थोडा वेळ खेळायला मिळायचा. नाम्कोने या कल्पनेचं पेटंटही घेतलं. मुख्य गेम चढत असताना दुसरा गेम खेळू द्यायचा, यावर २०१५पर्यंत त्यांचा कायदेशीर हक्क होता. आता कॅसेटवर हेच आधी होऊन गेलं होतं, तरी पेटंट मिळालं ते मिळालंच. एक पूर्ण पिढी प्लेस्टेशनसमोर 'लोडिंग' ही अक्षरं नुसती बघत बसली, त्यामागच्या कारणांत हेही एक होतं. थांबण्याच्या वेळेला बाजारात किंमत आहे आणि ती सातबाऱ्यावर चढवता येते, हे इथे पहिल्यांदा स्पष्ट दिसलं.

दुसरा धागा शब्दांचा. १९९३च्या 'सिमसिटी २०००'मध्ये नवी जमीन तयार होताना एका बाईचा आवाज गंभीरपणे सांगायचा, 'रेटिक्युलेटिंग स्प्लाइन्स'. ऐकणाऱ्याला वाटायचं, आत काहीतरी जबर गणित चाललंय. गेमचा कर्ता विल राइट याने नंतर सांगून टाकलं की तसं काही चाललेलं नसतं, शब्द भारी वाटतात म्हणून घातले. दोन्ही शब्द खरे आहेत, एकत्र आले की अर्थ शून्य. एखाद्या वैद्याने नाडी धरून उगाच 'वातप्रकोपाचं अनुलोमन होतंय' म्हणावं आणि रोग्याला बरं वाटावं, तसं. आजची सगळी विनोदी लोडिंग-वाक्यं याच शब्दांची नातवंडं आहेत.

हे असं का चालतं याचा अभ्यास दोन वेगळ्या वाटांनी, पण एकाच वर्षी छापून आला. १९८५मध्ये डेव्हिड माइस्टर या व्यवस्थापनाच्या अभ्यासकाने रांगेच्या मानसशास्त्रावर निबंध लिहिला. रिकाम्या बसलेल्याला वेळ लांब वाटतो, कशात तरी गुंतलेल्याला कमी वाटतो, आणि किती थांबायचंय हे माहीत नसेल तर तो सगळ्यात लांब वाटतो, असं त्याचं म्हणणं. त्याच वर्षी ब्रॅड मायर्स या संगणकशास्त्रज्ञाने काम किती टक्के झालं हे दाखवणाऱ्या पट्टीचं महत्त्व मांडलं. माणसं ती पट्टी असलेलाच संगणक पसंत करतात, असं त्याला दिसलं.

पट्टी ९९ टक्क्यांवर येऊन का रुसते, हा प्रश्न आमच्या धंद्यातल्या लोकांना लग्नकार्यातही विचारला जातो. उत्तर साधं आहे. पट्टी बहुतेक वेळा वेळ मोजत नाही, कामं मोजते. शंभरातल्या नव्याण्णव फायली पोचल्या की ती ९९ म्हणते, मग शंभरावी फाइल बाकीच्या सगळ्यांएवढी का असेना. पण पट्टी निदान काहीतरी मोजते. गोल फिरणारं चक्र काहीच मोजत नाही. ते चार-पाच ओळींत लिहिता येतं: हा गोल घे, फिरव, थांबू नकोस. पलीकडचा सर्व्हर जळून खाक झाला तरी चक्र तेवढ्याच उत्साहाने फिरत राहतं. विनोदी वाक्यांचंही तेच. ती एका यादीत लिहून ठेवलेली असतात आणि दर काही सेकंदांनी चिठ्ठी काढल्यासारखं एक उचललं जातं. वाक्याचा आतल्या कामाशी काडीचा संबंध नसतो.

२०११मध्ये रायन बुएल आणि मायकल नॉर्टन या दोन संशोधकांनी याच्याही पुढचं दाखवलं. प्रवासाची तिकिटं शोधणाऱ्या साइटवर 'आता अमुक विमान कंपनीकडे बघतोय, आता तमुक' असं दिसत राहिलं, तर लोकांना थांबावं लागूनही ती साइट झटपट उत्तर देणाऱ्या साइटपेक्षा आवडू शकते. कष्ट दिसले की मोल वाढतं. चहावाल्याने डोळ्यांसमोर आलं ठेचलं की चहा जास्त लागतो, हे आपल्याला ठाऊक होतंच.

मग आला डायनासोर. २०१४मध्ये गूगलच्या क्रोम ब्राउझरने नेट गेल्यावर दिसणाऱ्या पानावर एक छोटा टी-रेक्स ठेवला. नेट नाही म्हणजे आपण प्रागैतिहासिक काळात गेलो, हा त्यातला विनोद. स्पेसबार दाबला की तो पळतो आणि निवडुंगांवरून उड्या मारतो. गेम शेवटपर्यंत खेळायचा तर सुमारे १ कोटी ७० लाख वर्षं लागतील, असं करणाऱ्यांनी गमतीने सांगितलं. शाळा आणि कचेऱ्यांत लोक कामाऐवजी हेच खेळायला लागले, तेव्हा तो बंद करण्याची सोय द्यावी लागली. २०१८मध्ये गूगलने आकडा दिला: महिन्याला २७ कोटी डाव. आणि हे खेळाडू मुख्यतः कुठले? जिथे मोबाइल डेटा महाग किंवा बेभरवशाचा आहे तिथले. त्या देशांच्या यादीत भारताचं नाव होतं.

हा आकडा कौतुकाने सांगितला गेला, आणि गेम गोड आहे यात वाद नाही. पण तोच आकडा उलटा धरून वाचला तर ती नेट गेल्याची नोंद आहे. महिन्यातून २७ कोटी वेळा कुणाला तरी काहीतरी हवं होतं, आणि त्याऐवजी डायनासोर मिळाला.

महाराष्ट्रात कुठल्याही तालुक्याच्या गावी उताऱ्यासाठी किंवा दाखल्यासाठी उभं राहिलेल्या माणसाला डायनासोर मिळत नाही. त्याला 'सर्व्हर डाऊन आहे' हे वाक्य मिळतं. पूर्वी 'साहेब जेवायला गेलेत' असायचं, मग 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' झालं, आता साहेबांच्या जागी सर्व्हर बसला आहे. त्यावर रांगेतला कुणी तरी म्हणतोच, 'सर्व्हरला पण जेवणाची सुट्टी लागते का हो?' आणि रांग हसते. हा विनोद 'वर्ल्ड वाइड वेट'च्या जातीचा. ज्याची दिवसभराची मजुरी बुडाली त्याने तो केलेला असतो, आणि त्यात ऐकणाऱ्याला टोचेल असं काहीतरी असतं. पडद्यावरच्या आयत्या वाक्यात नेमकं तेवढंच नसतं.

आणि एक थांबणं असं असतं की कुठलाच विनोद तिथे टिकत नाही. ५ ऑगस्ट २०१९ रोजी काश्मीरमधलं दळणवळण बंद झालं. जानेवारी २०२०च्या अखेरीस मोबाइलवर नेट परत आलं ते २जी वेगाचं, आणि सुरुवातीला फक्त परवानगी दिलेल्या ३०१ साइटींपुरतं. ४जी परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. मधल्या काळात कोविड आला. मार्च २०२०मध्ये श्रीनगरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या एका शल्यचिकित्सकाने जाहीरपणे लिहिलं, की अतिदक्षता विभागासाठी इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी केलेल्या सूचनांची २४ मेगाबाइटची फाइल तासभर झाला तरी उतरत नाहीये. भागाकार तोच. २४ मेगाबाइट म्हणजे १९ कोटी २० लाख बिट. सेकंदाला ४० हजार बिट धरले तर ८० मिनिटं, तेही सगळं सुरळीत चाललं तर. त्या ८० मिनिटांत पडद्यावर उंदीर चाकात पळाले असते तर कुणाला हसू आलं असतं?

एकच चक्र एकाला गंमत वाटतं आणि दुसऱ्याला छळ, याचं कारण चक्रात नसतं. उठून जाता येतं की नाही, यात असतं. आयता विनोद हे गृहीत धरून चालतो की तुमचं काही अडलेलं नाही. म्हणून थांबवणाऱ्याने विनोद करण्याआधी दोन गोष्टी खरं सांगाव्यात: किती वेळ लागेल, आणि तुम्ही गेलात तर काम पुढे चालेल की पहिल्यापासून सुरू होईल. माइस्टर आणि मायर्स यांनी १९८५मध्ये जे लिहिलं त्याचं सार एवढंच होतं. त्यातला करमणुकीचा अर्धा भाग आम्ही पटकन उचलला, खरं सांगण्याचा अर्धा राहिला.

आज एका साध्या बातमीचं पान दोन मेगाबाइटचं सहज असतं. त्यातली बातमी काही किलोबाइट, बाकी जाहिराती, फोटो आणि तुमच्यावर पाळत ठेवणारं सामान. २जीच्या त्याच हिशेबाने ते यायला ४०० सेकंद लागतील. वाक्यांच्या यादीत उंदीर आहेत, शून्य आणि एक आहेत. 'हे पान आम्हीच एवढं जड केलंय' हे वाक्य मात्र त्यात कुणी घालत नाही.