घरगुती ब्रॉडबँड : जोडणीचे प्रकार व निवड

घरगुती ब्रॉडबँड : घरात कायम चालू राहणारी, ठरावीक किमान वेगाची इंटरनेट जोडणी. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले केले. तेव्हा मोडेमवरून नंबर फिरवावा लागे आणि तेवढा वेळ घरचा फोन अडकून पडे. २००४ च्या धोरणाने ब्रॉडबँडचा किमान वेग २५६ केबीपीएस ठरवला. २०१३ मध्ये तो ५१२ केबीपीएस आणि जानेवारी २०२३ मध्ये २ एमबीपीएस झाला.

जाहिरातीत वेगाचा आकडा मोठा छापलेला असतो. पण सेवा कशी मिळणार हे ठरते ते घरापर्यंतच्या शेवटच्या टप्प्यावर.

मुंबईत एमटीएनएल व उर्वरित महाराष्ट्रात बीएसएनएल यांनी २००५ पासून टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवर डीएसएल सेवा दिली. एक्स्चेंजपासून घर जितके लांब, तितका तिचा वेग कमी. पावसाळ्यात जोडात पाणी शिरले की लाइन तुटत राहते. केबल टीव्हीच्या कोॲक्सियल तारेवरची जोडणी गल्लीतल्या अनेक घरांत वाटली जाते. त्यामुळे रात्री सगळे एकदम पाहायला बसले की वेग पडतो, आणि अपलोड मुळातच कमी असतो.

‘फायबर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या दोन जोडण्या मात्र नीट ओळखायला हव्यात. एकीत फायबर इमारतीपर्यंतच येते. जिन्यातल्या किंवा मीटर रूममधल्या स्विचपासून पुढे फ्लॅटपर्यंत साधी लॅन केबल असते. तिची मर्यादा १०० मीटर. इमारतीची वीज गेली आणि स्विचला बॅकअप नसला, तर घरात इन्व्हर्टर असूनही नेट बंद. दुसरीत फायबर थेट घरातल्या ओएनटी या डबीपर्यंत येते. जीपॉन पद्धतीत एका पोर्टवरून डाउनलोडला सुमारे २.५ व अपलोडला १.२५ गिगाबिट क्षमता मिळते आणि ती स्प्लिटरने बहुधा ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. स्प्लिटरला वीज लागत नाही. शक्य असेल तिथे हीच जोडणी घ्यावी.

ओएनटीवर ‘एलओएस’चा लाल दिवा लागला म्हणजे प्रकाश घरापर्यंत पोहोचत नाही. लाइनमन मीटर लावतो तेव्हा आकडा विचारून घ्यावा : उणे २० डीबीएमच्या आसपास असेल तर उत्तम, उणे २७ च्या खाली गेला तर कुठेतरी जोड सैल आहे किंवा कपाटामागे फायबर फार वाकली आहे.

२०२३ मध्ये एअरटेल आणि जिओने एअरफायबर आणले. दोघांच्याही पहिल्या शहरांत मुंबई होती. यात घरात फायबर येत नाही. गच्चीवरचा किंवा खिडकीबाहेरचा अँटेना फाइव्ह-जी टॉवरशी बोलतो. रस्ता खोदायची परवानगी मिळत नाही अशा जुन्या वस्त्यांत हा चांगला पर्याय आहे, पण समोर नवी इमारत उभी राहिली की वेग घसरू शकतो. भूस्थिर उपग्रहावरून मिळणाऱ्या जोडणीत संकेताला सुमारे ३६,००० किलोमीटर वर जाऊन परत यावे लागते, म्हणून व्हिडिओ कॉलवर बोलणे अर्धा सेकंद मागे पडते.

सेवा निवडताना सर्वांत भरवशाची माहिती त्याच इमारतीतल्या शेजाऱ्यांकडे असते : लाइन डाऊन झाल्यावर माणूस किती तासांत येतो? मोठ्या कंपनीचेही अनेकदा दुरुस्तीचे काम स्थानिक केबलवालाच करतो. इंटरनेट परवाने देशभरासाठी ‘ए’, दूरसंचार मंडळासाठी ‘बी’ आणि त्याहून लहान क्षेत्रासाठी ‘सी’ असे असतात. छोटा ‘सी’ परवानाधारक केवळ छोटा म्हणून टाळू नये. गल्लीतला माणूस रात्री फायबर जोडून देतो, याचे मोल घरून काम करणाऱ्याला पक्के ठाऊक असते.

१०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. चौघांच्या घराला हे बहुधा पुरते. अपलोड किती, हे वेगळे विचारावे. जाहिरातीतल्या दरावर बहुधा १८ टक्के जीएसटी चढतो. ‘अनलिमिटेड’लाही एफयूपीची (वाजवी वापराच्या धोरणाची) मर्यादा असते, अनेक प्लॅनमध्ये ती महिन्याला सुमारे ३,३०० जीबी आहे. गावच्या घरातला कॅमेरा क्लाउडशिवाय थेट पाहायचा असेल, तर पब्लिक आयपी मिळेल का हेही विचारावे. बऱ्याच कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सामाईक पत्त्यामागे ठेवतात. नवी जोडणी आधी महिनाभरासाठीच घ्यावी. सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरू नयेत. वेग मोजताना लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडावा, नाहीतर वाय-फायचा दोष लाइनवर जातो.

तक्रार केली की डॉकेट नंबर लिहून ठेवावा. दाद न मिळाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येते. दूरसंचार नियामक ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. मात्र दूरसंचार सेवेविरुद्ध ग्राहक आयोगाकडे (पूर्वीच्या ग्राहक मंचाकडे) जाता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.