सामूहिक शिक्षण, आरोग्यकेंद्रातील

डॉक्टर, परिचारिका, आरोग्यसेविका आणि ‘आशा’ स्वयंसेविका यांनी एकत्र बसून आपल्याच कामाचे अनुभव पडताळणे, उणिवा हेरणे आणि पुढच्या खेपेस सेवा सुधारणे, अशी शिकण्याची पद्धत. हुद्द्याचा आब बाजूला ठेवल्याखेरीज ती साधत नाही.

महाराष्ट्रातील तिचा ठळक नमुना म्हणजे जामखेडचा (जि. अहिल्यानगर) सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने तो १९७० मध्ये सुरू केला. बाहेरून नेमलेल्या परिचारिका गावात रुळेनात, तेव्हा गावांनीच निवडलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्यात आले. त्यांतील बहुतेक निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या. जामखेडला शिकायला आल्या की वेगवेगळ्या जातींच्या या बायका एकाच मोठ्या गोधडीखाली निजत. गावात कोण बाळंत झाली, कोणते मूल जुलाबाने सुकले, औषध कोणी नाकारले आणि का, हे त्या सांगत. त्यावर सगळे मिळून विचार करीत. बाळाची टाळू खोल गेलेली बाईच्या हाताला आधी कळते. अंगातले पाणी आटले हे त्याचे कारण, आणि एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ हा उपाय. अवघड रुग्णांसाठी फिरते पथक गावात जाई, तेव्हा सेविका आणि डॉक्टर एकाच खाटेपाशी शिकत.

प्रकल्पक्षेत्रात १९७१ मध्ये हजारी १७६ असलेला अर्भकमृत्युदर नव्वदच्या दशकात तिसाच्या आत आला. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

शहरांसाठी २०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान सुरू झाले. त्यात सुमारे ५०,००० लोकसंख्येमागे एक आरोग्यकेंद्र, २०० ते ५०० घरांमागे एक ‘आशा’ आणि ५० ते १०० घरांमागे एक महिला आरोग्य समिती अशी रचना आहे. छत्रपती संभाजीनगरच्या गारखेडा परिसरातील पुंडलिकनगरसारख्या दाट वस्तीत मधुमेह व रक्तदाबासारखे आजार वर्षानुवर्षे सांभाळावे लागतात. रुग्णाने गोळ्या मध्येच का सोडल्या, हे केसपेपरवर नसते. दारात उभ्या राहिलेल्या ‘आशा’ला ते ठाऊक असते. आठवड्याच्या बैठकीत तिला आधी बोलू दिले, तर उपचाराची दिशा वेळेत बदलता येते.