तरीपासून चार्जरपर्यंत

माझं गाव आरोंदा. सावंतवाडी तालुक्यातलं, तेरेखोल खाडीच्या काठावरचं. पाण्यापलीकडे किरणपाणी, म्हणजे गोव्याचा पेडणे तालुका. १९६१ च्या डिसेंबरपर्यंत तो पलीकडचा काठ पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. पोर्तुगीज गेले, पण पाणी राहिलंच. आज तिथे पूल आहे. माझ्या लहानपणी तर होती. तर म्हणजे माणसं आणि सामान पलीकडे नेणारी होडी. बैलगाडीने या, सायकलने या नाहीतर पायी या, तर पलीकडच्या काठाला असली की खाली बसून वाट बघायची. तुमचा प्रवास किती वेळात होणार हे तुमच्या वाहनावर नसे, तरीवर असे.

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत हे कशाला, असं तुम्हाला वाटेल. सांगतो. आपल्या सोसायटीच्या पंचवीस वर्षांत सभा बऱ्याच गाजल्या, पण चार्जिंगच्या पॉइंटवरून झाली तेवढी कुठलीच नाही. त्या सभेत मी खजिनदार म्हणून बोललो आणि चुकीच्या बाजूने बोललो. नंतर थोडं वाचलं, थोडं सोसलं, तेव्हा तरीची गोष्ट आठवली. त्याचा हा हिशेब.

नवं वाहन आलं की सगळे वाहनाकडे बघतात. ते कुठवर जाईल हे मात्र वाटेतली सोय ठरवते. १८८८ साली जर्मनीत बर्था बेंझ या बाई नवऱ्याने बनवलेली मोटार घेऊन, त्याला न सांगता, दोन मुलांसह माहेरी निघाल्या. मानहाइम ते फोर्झहाइम, शंभर किलोमीटरच्या आसपास. वाटेत इंधन संपत आलं. पंप तर जगात कुठेच नव्हता. वीसलोख गावात औषधाचं दुकान होतं, तिथे डाग काढायला वापरतात तो द्रव मिळाला, तोच टाकून पुढे गेल्या. म्हणजे जगातला पहिला पेट्रोलपंप हा एक औषधवाला. त्याला स्वतःला ते ठाऊकही नसेल.

विजेवर चालणारं वाहन आपल्याकडेही जुनंच. मुंबईत विजेची ट्राम ७ मे १९०७ ला सुरू झाली आणि ३१ मार्च १९६४ ला बंद झाली. १९६२ ते १९७१ या काळात ट्रॉलीबसही धावली. दोन्हींची अडचण एकच होती. डोक्यावर तार होती तिथवरच गाडी. कोकण रेल्वेचंही तेच. १९९८ मध्ये रोहा ते ठोकूर हा सगळा मार्ग सुरू झाला तो डिझेलवर, आणि अख्ख्या मार्गावर विजेची तार पूर्ण व्हायला मार्च २०२२ उजाडला. मडुरे आणि सावंतवाडी रोड ही आम्हा आरोंदेकरांची स्टेशनं. गावी काकांना ही तारेची गंमत सांगितली, तर ते म्हणाले, "म्हंजे वायर पोचता थंयसर गाडी!" इतक्या थोडक्यात मला सांगता आलं नसतं.

बॅटरीने गाडी तारेपासून सुटली खरी. पण रात्री कुठेतरी तारेशी यावंच लागतं. हे सगळ्यात आधी कळलं ते नागपूरच्या टॅक्सीवाल्यांना. २६ मे २०१७ ला तिथे ओला कंपनीने दोनशेच्या आसपास विजेच्या गाड्यांचा प्रयोग सुरू केला. मुख्यमंत्री आणि केंद्रीय मंत्री हजर होते. गाड्या धावू लागल्या आणि थोड्याच महिन्यांत चार्जिंगच्या रांगांच्या बातम्या येऊ लागल्या. टॅक्सीवाल्याचा तास म्हणजे त्याचं भाडं. रांगेत दोन तास गेले की डिझेलचे वाचलेले पैसे तिथेच संपले. काही चालकांना जुनी डिझेल गाडी परत हवीशी झाली. गाडीने दगा दिला नव्हता. तर पलीकडच्या काठाला होती, एवढंच.

मग नियम हळूहळू सुधारले. आधी मोठी शंका अशी होती की, वीज विकायला परवाना लागतो, मग हॉटेलवाल्याने किंवा दुकानदाराने चार्जर लावायचा कसा? एप्रिल २०१८ मध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने स्पष्ट केलं की गाडी चार्ज करून देणं ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे, त्यासाठी परवान्याची गरज नाही. या एका खुलाशाने हायवेवरच्या खानावळीला, लॉजला, गॅरेजला नवा धंदा मोकळा झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मार्गदर्शक सूचना आल्या. शहरात तीन बाय तीन किलोमीटरच्या चौकटीत निदान एक चार्जिंग स्टेशन आणि मोठ्या रस्त्यांवर दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरला एक, असं त्यांत होतं. २०१९ मध्ये आदर्श इमारत नियमांत नव्या इमारतींच्या २० टक्के पार्किंगमध्ये ही सोय असावी, अशी भर पडली. जानेवारी २०२२ च्या सुधारित सूचनांत तर साफ लिहिलं आहे की, घरी किंवा ऑफिसात आपल्याच वीजजोडणीवरून गाडी चार्ज करता येते. १ जून २०२२ ला एसटीची पहिली विजेची बस 'शिवाई' पुणे ते नगर धावली. १ जून १९४८ ला एसटीची पहिली बस धावली तीही याच रस्त्यावर.

आता आपली सभा. आपल्यातले एक सभासद टॅक्सी चालवतात. त्यांनी विजेची गाडी घेतली आणि आपल्या मीटरवरून आपल्या पार्किंगपर्यंत स्वतःच्या खर्चाने वायर ओढू द्या, असा अर्ज केला. मी उभा राहून तीन मुद्दे मांडले. लोड वाढेल, आग लागेल, आणि सोसायटीत धंदा नको. टाळ्याही पडल्या. ते शांतपणे म्हणाले, "काका, गाडी रात्रभर इथे उभीच असते. बाहेर चार्जिंगला उभा राहिलो की रात्रीची झोप जाते, नाहीतर सकाळचं भाडं जातं." ठराव बारगळला. पुढे कितीतरी महिने मी त्यांना रात्री अकराला गाडी घेऊन बाहेर पडताना गॅलरीतून बघत होतो. जेवण झालेला माणूस पुन्हा कामाला निघाल्यासारखा.

त्यानंतरच्या गणपतीला भाच्याच्या विजेच्या गाडीतून आरोंद्याला निघालो. पाचशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. हिशेब करून निघालो होतो, पण ज्या चार्जरवर भिस्त होती तो बंद, आणि पुढच्यावर चाकरमान्यांची रांग. शेवटी एका खानावळीच्या मालकाने मागच्या पडवीतलं मिक्सरचं जाड पिनचं सॉकेट दिलं. तीन तास बसलो. त्यावर ताशी तीन युनिटच्या आसपास वीज जाते. नऊ-दहा युनिट मिळाले, म्हणजे साठेक किलोमीटर. जेवणाचे पैसे घेतलेच, विजेचे वेगळे घेतले, आणि म्हणाला, "पुढच्या वर्षी मोठा बसवतोय." वीसलोखचा औषधवाला मला तिथे भेटला. बाकड्यावर बसून खाडीकाठचं ते वाट बघणं आठवलं, आणि आमच्या सोसायटीतला तो रात्री अकराचा माणूसही.

परत आल्यावर वायरमन आणि वीज कंपनीचे अभियंते यांच्याशी बसून हिशेब केला. भीती अगदीच खोटी नव्हती. वीस गाड्या एकदम ३.३ किलोवॅटवर लावल्या तर ६६ किलोवॅट होतात, तेवढं आपल्याला झेपत नाही. पण तशी वेळ येत नाही. घरच्या गाडीचं रोजचं फिरणं तीसेक किलोमीटर, म्हणजे चार-पाच युनिट, दीड तासाचं काम. टॅक्सीला दीडशे किलोमीटरला वीस-बावीस युनिट लागतात, म्हणजे सहा-सात तास. रात्र पुरते, फक्त पाळी लावावी लागते. आगीचं कारण असतं ढिली वायर आणि बोर्डावर बोर्ड जोडणं. वेगळी वायर, योग्य एमसीबी, गळती पकडणारा ब्रेकर आणि नीट अर्थिंग असलं की धोका आटोक्यात राहतो. खरं म्हणजे परवानगी नाकारली की लोक खिडकीतून एक्स्टेंशन सोडतात, धोका तिथे आहे.

पुढच्या सभेत ठराव मीच मांडला. सामाईक पार्किंगसाठी वेगळं मीटर, चार सॉकेट, वापराप्रमाणे युनिटचे पैसे, रात्रीच्या पाळ्यांची वही वॉचमनकडे. ज्यांना स्वतःच्या मीटरवरून घ्यायचं त्यांना अटी पाळून परवानगी. ठराव बहुमताने मंजूर झाला. टॅक्सीवाल्या सभासदांची मी सभेतच माफी मागितली. ते म्हणाले, "पाळी मात्र दहानंतरची द्या काका."

आता थोडं पुढचं. आरोंद्यापलीकडे पेडण्यात मोपा विमानतळ झाला, जानेवारी २०२३ पासून तिथे विमानं उतरतात. त्याच वर्षी गोवा सरकारने पर्यटकांसाठीची नवी भाड्याची वाहनं विजेवरची असावीत, असं धोरण जाहीर केलं. आमच्या बाजूची पोरंही त्या भाड्यांवर गाड्या चालवतात. त्यांच्या पोटाचा प्रश्न गाडीच्या किमतीइतकाच रात्री गाडी कुठे लावायची यावर अवलंबून राहणार. गावात अंगण आहे, तिथे एक सॉकेट पुरेल. शहरात आपल्यासारख्या इमारतींत अंगण सामाईक असतं. तिथे सॉकेट मिळणं न मिळणं हे आपल्या हात वर करण्यावर आहे.

तरीवर आरोंद्यात एक रीत होती. काठावर कोणी उभा राहून हाक मारली की तरवाला यायचाच, तो ओळखीचा असो वा नसो. पंचवीस वर्षांत आपण लिफ्ट केली, रंग काढला, पाण्याची टाकी वाढवली. पुढच्या पंचवीस वर्षांत पार्किंगमधून कोणी हाक मारली, तर आधी ती ऐकून घेऊ. लोडचा हिशेब मग करता येतो.