साखळी, बांध आणि गुंठा

१९९१ साली मी चिंचवडला स्थापत्य पदविकेच्या वर्गात होतो. भूमापनाच्या पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर लिहिले, 'समग्राकडून भागाकडे.' आधी सगळ्या क्षेत्राचा सांगाडा नीट मोजायचा, मग आतले बारकावे भरायचे. उलटे केले की लहान चुका साठत जातात. आम्ही ते पाठ केले. अर्थ मात्र मैदानावर ३० मीटरची साखळी ओढताना कळला.

"शेत मोजण्याआधी साखळी मोजा," सर म्हणायचे. ओढून ओढून साखळीच्या कड्या झिजतात, उघडतात आणि साखळी लांबते. लांबलेली साखळी खरे अंतर कमी दाखवते.

आपल्याकडे मोजणी जुनीच. शिवकाळात पाच हात पाच मुठींची काठी होती. वीस काठ्या लांब, वीस काठ्या रुंद तो बिघा आणि १२० बिघ्यांचा चावर. इंग्रजी अमलात प्रिंगलने केलेली पाहणी फसली. उत्पन्नाचे अंदाज चुकले, सारा जड झाला. मग १८३६ च्या सुमारास आपल्याच पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात, गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी पद्धत घातली. तिची साखळी ३३ फुटांची, १६ आण्यांत विभागलेली. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे १०८९ चौरस फूट. हाच आपला गुंठा! असे ४० गुंठे म्हणजे एकर.

ही मोजणी होती शेतसाऱ्यासाठी. एकरामागे अर्धापाऊण गुंठा इकडेतिकडे झाला तर साऱ्यात फरक किरकोळ पडे. पुढे १९५४ साली पिंपरीत पेनिसिलिनचा कारखाना आला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि कारखाने पसरत चाकणपर्यंत पोहोचले. साऱ्यासाठी मोजलेला गुंठा आता लाखांत विकला जाऊ लागला.

चाकणजवळ आमचे शेत होते. सातबाऱ्यावरच्या क्षेत्रापेक्षा ते पाऊण गुंठा जास्त भरे. त्यावरून आजोबांच्या चुलतभावाने त्यांच्यावर बांध कोरल्याचा आळ घेतला. दोघांचा अबोला वीस वर्षे टिकला.

वहीत मी हिशेब मांडला. ३३ फुटांची साखळी चार इंच लांबलेली असली, तर लांबीत एक टक्का आणि क्षेत्रात दोन टक्के घट दिसते. एकरामागे पाऊण गुंठा! सुट्टीत आजोबांना हे सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे त्याचंही रान जास्तच भरलं असतं की रे."

मी चमकलो. दोन्ही शेते एकाच साखळीने मोजलेली असतील, तर दोन्ही वाढीव भरायला हवीत. पण वीस वर्षांत कुणी चुलतआजोबांचे शेत मोजलेच नव्हते. भांडण एका भागावर चालले, समग्र कुणी पाहिलेच नाही.

तोवर चुलतआजोबा वारले होते. पुढे दोन्ही शेते संपादनात गेली. आज तिथे एकाच कारखान्याची शेड उभी आहे. बांध तिच्या फरशीखाली कुठेतरी असेल. मोजणी आता उपग्रहांच्या आधाराने, रोव्हरने होते आणि साखळ्या प्रयोगशाळेत लटकतात. तरीही कुणी हद्दीच्या वादाचा कागद घेऊन आले की मी आधी विचारतो, "शेजाऱ्याचं मोजलंत का?"